संगणकाच्या अकारण श्रमाचे निदान : प्रस्तावना

संगणक मंद झाला, पंखा सतत घोंघावू लागला, आणि टास्क मॅनेजर उघडून पाहावे तो प्रोसेसरच्या रकान्यात मोठा आकडा उभा, अशी तक्रार घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेलेल्या माणसाला बहुधा एक तर विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला मिळतो किंवा यंत्रच बदलण्याचा. या सल्ल्यांत कधीच तथ्य नसते असे नाही. परंतु ज्या यंत्रावर एकही मोठा प्रोग्राम चालू नसताना प्रोसेसरचा चौथा किंवा अर्धा हिस्सा कोठे तरी खर्ची पडत असतो, चालू प्रोग्रामांच्या फेरिस्तीतील एकूण एक आकड्यांची बेरीज केली तरी त्या खर्चाचा मेळ बसत नाही, आणि विंडोज नव्याने टाकल्यावर आठवडाभरात दुखणे जसेच्या तसे परत येते, त्या यंत्राच्या बाबतीत असला सल्ला म्हणजे ग्राहकाच्या पैशाचा आणि कारागिराच्या श्रमाचा निव्वळ अपव्यय होय. प्रस्तुत पुस्तक अशाच यंत्रांविषयी आहे. सदोष ड्रायव्हर अथवा सदोष भाग यांच्यापायी प्रोसेसर अकारण कसा राबतो, तो राबतो आहे हे ओळखावे कसे, आणि दोषी कोण हे पुराव्यानिशी ठरवावे कसे, एवढाच त्याचा विषय आहे. आणि हा विषय मराठीत सविस्तर मांडला जावा अशी इच्छा मी पुष्कळ वर्षे बाळगून असल्यामुळे ही प्रस्तावना लिहिण्याचे काम मी आनंदाने पत्करले.

या दोषाचे स्वरूप समजण्यासाठी इंटरप्ट ही व्यवस्था प्रथम समजून घेतली पाहिजे. कळफलकावरील कळ दाबली गेली, नेटवर्क कार्डावर माहितीचा तुकडा येऊन पोचला, डिस्कने मागितलेला मजकूर तयार ठेवला, या गोष्टी प्रोसेसरला कळाव्यात म्हणून त्याने प्रत्येक उपकरणाकडे वारंवार जाऊन विचारपूस करीत बसावे, त्यापेक्षा उपकरणानेच आपली गरज पडेल तेव्हा त्याला हाक मारावी, ही कल्पना १९५० नंतरच्या दशकातच रूढ होऊ लागली होती. एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ साली अॅम्स्टरडॅम विद्यापीठाला सादर केलेला प्रबंध इलेक्ट्रॉलॉजिका एक्स-१ या यंत्रावरील अशाच व्यवस्थेसंबंधी होता, आणि या कल्पनेला आपण आरंभी बिचकलो होतो हे त्यांनी उत्तरायुष्यात लिहून ठेवले आहे; कारण हाक कोणत्या क्षणी येईल याचा नेम नसल्यामुळे, एकदा घडलेला दोष पुन्हा हुबेहूब घडवून आणता येईल अशी शाश्वती उरत नाही. त्यांची ती भीती आजही प्रत्येक दुरुस्ती करणाराच्या अनुभवाला येते.

हाक आली की प्रोसेसर हातातले काम तहकूब करतो, त्या उपकरणाच्या ड्रायव्हरमधील एक छोटा भाग चालवतो आणि पुन्हा मूळ कामाकडे वळतो. विंडोजमध्ये हा व्यवहार दोन टप्प्यांत होतो : तातडीचे तेवढे लगेच उरकायचे, आणि उरलेले काम डीपीसी नावाच्या दुसऱ्या रांगेत टाकून थोड्या वेळाने करायचे. पहिल्या टप्प्याने पंचवीस मायक्रोसेकंदांहून आणि दुसऱ्याने शंभर मायक्रोसेकंदांहून अधिक वेळ घेऊ नये, असा मायक्रोसॉफ्टचा ड्रायव्हर लिहिणारांना दंडक आहे. तथापि या दोन्ही टप्प्यांत खर्च होणारा काळ कोणत्याही प्रोग्रामच्या नावे पडत नाही, आणि निदानाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट हीच आहे. मामलेदार कचेरीत एखाद्या कारकुनाला मिनिटामिनिटाला साहेबांच्या घंटेसरशी उठावे लागत असेल, तर सायंकाळी त्याच्या मेजावरील प्रकरणे तशीच पडून असतात आणि कोणत्याही प्रकरणाच्या कागदांत त्या उठाबशांचा दाखला सापडत नाही. तसेच हे आहे. टास्क मॅनेजर हा खर्च ‘सिस्टिम इंटरप्ट्स’ या नावाच्या ओळीत दाखवतो, परंतु ती ओळ म्हणजे प्रोग्राम नव्हे, ती केवळ एक बेरीज आहे. निरोगी यंत्रात ती टक्क्याच्या अल्पांशात, फार तर एकदोन टक्क्यांत राहते. ती पंधरा-वीस टक्क्यांवर स्थिरावलेली दिसली की फेरिस्तीतील प्रोग्राम एकामागून एक बंद करीत बसण्यात अर्थ नसतो, हे या पुस्तकाचे पहिले प्रतिपादन आहे आणि ते मला पूर्णतः मान्य आहे.

हाक विनाकारण वारंवार येण्याचे प्रकार अनेक आहेत. जुन्या पीसीआय पद्धतीत अनेक उपकरणे एकाच तारेवरून हाक मारीत, आणि उपकरणाची दखल घेतली जाईपर्यंत ती तार खेचलेलीच राही. अशा स्थितीत ड्रायव्हरने आपल्या उपकरणाला शांत केले नाही, किंवा ही हाक माझी नव्हे असे सर्वच ड्रायव्हरांनी सांगितले, तर प्रोसेसर परत फिरतो न फिरतो तोच पुन्हा बोलावला जातो, आणि हे चक्र सेकंदाला हजारो वेळा फिरते. लिनक्सच्या कर्त्यांनी यासाठी एक रोखठोक तजवीज करून ठेवली आहे : एका तारेवरील एक लाख हाकांपैकी नव्याण्णव हजार नऊशेंहून अधिक बेवारस ठरल्या, तर तशी नोंद दप्तरात करून कर्नल ती तारच बंद करतो. नंतरच्या यंत्रांत तारेऐवजी संदेश पाठवून हाक मारण्याची पद्धत आली आणि बेवारस हाकांचा उपद्रव पुष्कळ घटला. पण सैल झालेला यूएसबी जोड, बिघडलेला कार्ड रीडर, किंवा बायॉसमधील चुकीमुळे अखंड सुटणारे एसीपीआयचे संकेत हे अद्याप पुरेसे त्रासदायक आहेत.

प्रोसेसरचा वेळ असा परभारे खर्च झाल्याचे इतिहासातील सर्वांत विख्यात उदाहरण चंद्रावरचे आहे, आणि लेखकाने त्याला एक संपूर्ण प्रकरण दिले हे मला योग्य वाटते. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चे चांद्रयान उतरत असताना त्याच्या संगणकाने १२०२ क्रमांकाचा इशारा वारंवार आणि १२०१ क्रमांकाचा एकदा दिला. या दोहोंचा अर्थ एवढाच की, ठरलेल्या मुदतीत कामे पुरी होत नसल्यामुळे नव्या कामासाठी स्मृतीत जागा उरलेली नाही. वस्तुतः उतरण्याच्या कार्यक्रमात कोणतीही चूक नव्हती. उतरताना ज्याची गरज नव्हती ते, मुख्य यानाशी पुन्हा भेट साधण्यासाठीचे, रडार चालू होते, आणि त्याचा कळखटका ज्या स्थितीत होता त्या स्थितीत रडारला मिळणारा आठशे आवर्तनांचा विद्युत्पुरवठा व संगणकाच्या बाजूचा तेवढ्याच आवर्तनांचा पुरवठा यांची वारंवारता जरी एक असली तरी त्यांची कला जुळलेली नव्हती. परिणामी रडारचा कोन मोजणारी दोन मंडले स्थिर अँटेना फिरते आहे असे समजून प्रत्येकी सेकंदाला सहा हजार चारशे स्पंद संगणकाकडे पाठवू लागली. प्रत्येक स्पंद मोजण्यासाठी संगणकाचे सुमारे पावणेबारा मायक्रोसेकंदांचे एक स्मृतिचक्र हिरावले जाई. बारा हजार आठशे स्पंदांचा हिशेब केला तर सेकंदाचा सुमारे पंधरा टक्के भाग होतो. उतरण्याच्या कामात संगणकाजवळ शिल्लक असलेली सवड साधारण एवढीच होती.

त्या दिवशी दोन गोष्टींनी यान वाचवले. एक म्हणजे संगणकाची रचनाच अशी केलेली होती की, कामे तुंबल्यास तो कमी महत्त्वाची कामे टाकून देऊन महत्त्वाची तेवढी पुन्हा सुरू करीत असे. आणि दुसरी म्हणजे ह्यूस्टन येथे पूर्वी झालेल्या एका सरावात असाच इशारा येऊन गोंधळ उडाल्यानंतर जॅक गार्मन या तरुण अभियंत्याने सर्व इशाऱ्यांचे अर्थ एका कागदावर लिहून तयार ठेवले होते, त्यामुळे मार्गदर्शन अधिकारी स्टीव्ह बेल्स यांना काही सेकंदांत पुढे जाण्याचा निर्णय देता आला. पण माझ्या मनावर याहून अधिक ठसा उमटतो तो त्यानंतरच्या रात्रीचा. चंद्रावरून उड्डाण करण्यापूर्वी कारण सापडणे आवश्यक होते, आणि मॅसॅच्युसेट्स येथील प्रयोगशाळेतील जॉर्ज सिल्व्हर यांना आठवले की अपोलो ९ च्या यानाच्या चाचणीत रडारमुळे संगणकाची चक्रे अशीच चोरीला जाताना आपण पाहिली होती. ते कळताच यात्रींना खटक्याची स्थिती बदलण्यास सांगण्यात आले. या घटनेत कार्यक्रम निर्दोष, संगणक निर्दोष, रडारही एकटे घेतले तर निर्दोष; दोष दोन पुरवठ्यांमधील नात्यात होता, आणि तो शोधला गेला तो एका माणसाने पूर्वी पाहिलेले लक्षात ठेवले म्हणून.

चंद्रावरून घरगुती यंत्रांकडे आले तरी अशी गुंतागुंत कमी होत नाही. विंडोज एक्सपीच्या काळातील एक दुखणे मी येथे मुद्दाम तपशिलाने देतो, कारण ड्रायव्हरचा दोष कोणता आणि भागाचा दोष कोणता ही सीमारेषा किती पुसट असते हे त्यात स्वच्छ दिसते. त्या काळच्या आयडीई डिस्का डीएमए पद्धतीने चालत. म्हणजे प्रोसेसरने आज्ञा द्यावी आणि डिस्कवरील मजकूर त्याच्या मदतीवाचून परस्पर स्मृतीत जाऊन पडावा. त्याआधीच्या पीआयओ पद्धतीत मजकुराचा शब्द न् शब्द प्रोसेसरला स्वतः उचलून ठेवावा लागे. अल्ट्रा डीएमएच्या पाचव्या श्रेणीत सेकंदाला शंभर मेगाबाइट मजकूर जाऊ शकतो. पीआयओच्या चौथ्या श्रेणीत सोळाच्या आसपास, आणि तोही प्रोसेसरला पूर्ण जुंपून. आता एक्सपीच्या ड्रायव्हरमध्ये असा नियम होता की, डिस्कच्या व्यवहारात मुदत टळण्याच्या किंवा पडताळणी चुकण्याच्या सहा घटना झाल्या की एक पायरी खालच्या वेगावर उतरायचे, आणि असे उतरत उतरत अखेरीस पीआयओवर यायचे. नियम सावधगिरीचा होता. पण आरंभीच्या आवृत्त्यांत या घटनांची गणती एकत्रित होई, मधल्या काळात लाखो व्यवहार बिनचूक झाले तरी जुन्या चुका माफ होत नसत. त्यामुळे ऐंशी तारांच्या केबलऐवजी चाळीस तारांची जुनी केबल कोणी लावली, किंवा केबल मुडपलेली असली, किंवा यंत्र झोपेतून जागे होताना डिस्कला फिरू लागण्यास थोडा विलंब झाला, की काही महिन्यांनी ते यंत्र गुपचूप पीआयओवर येऊन बसे. ग्राहकाला दिसे ते एवढेच की, सिनेमा पाहताना चित्र अडखळते आणि एखादी मोठी फाईल हलवताना माऊससुद्धा जागचा हलत नाही.

अशा यंत्राची डिस्क बदलली गेली, रॅम वाढवली गेली, विंडोज नव्याने टाकले गेले. नव्या विंडोजबरोबर गणती शून्यावर येई म्हणून यंत्र काही दिवस चांगले चाले, आणि केबल तीच राहिल्यामुळे पुन्हा बिघडे. वास्तविक डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनलच्या गुणधर्मांत ‘सध्याची पद्धत’ या रकान्यात पीआयओ असे स्पष्ट लिहिलेले असे. तो चॅनल काढून टाकून यंत्र पुन्हा सुरू केले की ते डीएमएवर परत येई, आणि केबल बदलली की तेथेच राही. केबल शेपन्नास रुपयांची. आयडीईचा जमाना संपला असला तरी या उदाहरणाची उपयुक्तता संपलेली नाही : भाग सदोष, ड्रायव्हरचा नियम ताठर, आणि दोहोंचा भुर्दंड तिसऱ्याला, प्रोसेसरला.

आकड्यांविषयी लेखकाने जे विवेचन केले आहे ते नवशिक्याने दोनदा वाचावे. प्रोसेसरचा टक्का हा आकडा दिसतो तितका सरळ नाही. आठ धाग्यांच्या, म्हणजे एका वेळी आठ कामे चालवू शकणाऱ्या, प्रोसेसरात एका ड्रायव्हरने एकच धागा संपूर्ण अडवून धरला तर एकूण आकडा साडेबारा टक्के दिसतो, आणि साडेबारा टक्क्यांत घाबरण्यासारखे काय आहे असे म्हणून माणूस पुढे जातो. इकडे आवाज मात्र तुटत असतो, कारण त्याच धाग्यावर येणाऱ्या इतर हाका खोळंबलेल्या असतात. म्हणून आलेख प्रत्येक धाग्याचा वेगळा पाहावा. दुसरी गोष्ट वेगाची. विंडोज ८ पासून टास्क मॅनेजर जो टक्का दाखवू लागला त्यात प्रोसेसर किती वेळ कामात होता एवढेच नसून तो कोणत्या वेगाने चालत होता हेही गुणले जात होते. लॅपटॉपची बॅटरी, चार्जर किंवा तापमापक बिघडला की मदरबोर्ड प्रोसेसरला तापल्याची खोटी वर्दी देतो आणि तो आठशे मेगाहर्ट्‌झच्या आसपास अडकून पडतो; अशा यंत्रात प्रोसेसर क्षणाचीही उसंत न घेता राबत असला तरी टक्का मध्यमच दिसू शकतो. आकड्याशेजारी लिहिलेला वेग वाचल्याशिवाय आकडा वाचूच नये. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-प्रोसेसर-पॉवर या नावाखाली ३७ क्रमांकाची नोंद असेल तर फर्मवेअरने वेगाला आवर घातला आहे असे समजावे. अर्थात वर्दी खरीही असू शकते, आणि विदर्भातल्या मे महिन्यात धुळीने गच्च झालेल्या पंख्याकडे पाहण्याआधी ड्रायव्हर शोधत बसणे हे काही शहाणपणाचे नव्हे.

साधनांचा परिचय पुस्तकात विस्ताराने आहे, म्हणून मी दोनच गोष्टी सांगतो. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलेला सिसइंटर्नल्स हा संच, आणि विशेषतः त्यातील प्रोसेस एक्सप्लोरर, हे या कामातले पहिले हत्यार. ‘सिस्टिम’ या प्रोसेसच्या पोटातील कोणता धागा कोणत्या ड्रायव्हरच्या फाईलीतून निघाला आहे हे ते दाखवते. त्याने भागले नाही तर विंडोज परफॉर्मन्स रेकॉर्डरने अर्ध्या मिनिटाचे ध्वनिमुद्रणासारखे टिपण घ्यावे आणि त्यातील डीपीसी व इंटरप्टांचा तक्ता ड्रायव्हरवार मांडून पाहावा. या तक्त्यात दोन रकाने एकत्र वाचायचे असतात : हाका किती, आणि प्रत्येकीला वेळ किती. हाका थोड्या पण एकेक लांबलचक, तर ड्रायव्हरच आत रेंगाळतो आहे असा संशय धरावा. एकेक हाक आखूड पण संख्या अफाट, तर उपकरण किंवा त्याची जोडणी अस्वस्थ आहे असा. हे अनुमान झाले, निकाल नव्हे.

नाव सापडले म्हणजे गुन्हेगार सापडला असेही समजू नये. अशा तक्त्यांत एनडीआयएस, स्टोरपोर्ट, एसीपीआय ही नावे पुनःपुन्हा वर येतात, आणि ती मायक्रोसॉफ्टची असल्याचे पाहून लोक विंडोजला दूषणे देतात. वस्तुतः एनडीआयएस ही सर्व नेटवर्क कार्डांच्या ड्रायव्हरांना सामाईक अशी चौकट आहे. तिच्या नावावर पडलेला काळ तिच्या आश्रयाने चालणाऱ्या कार्डाच्या ड्रायव्हरचा असण्याचा संभव फार. जो दारात उभा दिसतो त्याचा जबाब घ्यावा, पण त्याच्यामागे कोण आहे हे पाहिल्याखेरीज पंचनामा पुरा करू नये. याच्याच जोडीचा दुसरा गैरसमज तारखेचा. विंडोजबरोबर येणाऱ्या कित्येक ड्रायव्हरांवर २१ जून २००६ ही तारीख असते, आणि ती पाहून ते कालबाह्य झाले असे मानून भलत्याच ठिकाणाहून ‘नवे’ ड्रायव्हर आणून बसवणारे पुष्कळ आहेत. ती तारीख मायक्रोसॉफ्टने बुद्ध्याच ठेवलेली आहे, जेणेकरून यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर उपलब्ध असल्यास त्याची तारीख आपोआप नंतरची ठरावी आणि त्याला प्राधान्य मिळावे.

ड्रायव्हर की उपकरण, हा निवाडा करण्यासाठी लेखकाने सुचवलेली कसोटी मला सर्वांत समाधानकारक वाटते. यूएसबीवरून लिनक्स चालू करावे, डिस्कवर काहीही न टाकता. तेथे ‘प्रॉक’ या फोल्डरात ‘इंटरप्ट्स’ नावाची एक साधी फाईल असते. तिच्यात प्रत्येक हाकेच्या मार्गासाठी एक ओळ आणि प्रत्येक धाग्यासाठी एक रकाना असतो. ती एकदा वाचावी, दहा सेकंदांनी पुन्हा वाचावी आणि वजाबाकी करावी. यंत्र स्वस्थ बसलेले असताना एखाद्या ओळीत लाखांनी वाढ झाली असेल तर दोन अगदी भिन्न ड्रायव्हर एकाच उपकरणापुढे हतबल झाले आहेत. तेव्हा दोष उपकरणात, जोडणीत किंवा बायॉसमध्ये शोधावा. येथे सर्व शांत असेल तर विंडोजमधील ड्रायव्हरवर संशय बळावतो. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क, ध्वनी, ब्लूटूथ, कॅमेरा, कार्ड रीडर ही उपकरणे एकेक करून तात्पुरती निष्क्रिय करावी व प्रत्येक वेळी इंटरप्टांची ओळ पाहावी. डिस्कचा नियंत्रक आणि सिस्टिम डिव्हाइसेस या सदराखालील नोंदी यांना मात्र हात लावू नये. यंत्र पुन्हा सुरूच न होण्याचा धोका तेथे आहे. एका वेळी एकच बदल, आणि तो केल्याची लेखी नोंद, हा नियम लेखक जवळजवळ प्रत्येक प्रकरणात सांगतो. काही वाचकांना ती पुनरुक्ती वाटेल. तीन उपकरणे एकदम बंद करून ‘बरे झाले’ म्हणून यंत्र ग्राहकाच्या स्वाधीन करणारे कारागीर ज्यांनी पाहिले असतील त्यांना ती वाटणार नाही.

पुस्तकाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. निकामी होत चाललेल्या डिस्कमुळे येणारा मंदपणा येथे थोडक्यात उरकला आहे, आणि ते तर्काला धरून आहे, कारण तेथे प्रोसेसर राबत नसतो, तो खोळंबलेला असतो. लिनक्समध्ये सरासरी भाराचा आकडा डिस्कची वाट पाहणाऱ्या कामांनाही मोजतो, म्हणून तो आठदहावर गेलेला आणि प्रोसेसर निवांत, असे दृश्य दिसते व अननुभवी माणूस त्याला प्रोसेसरचेच दुखणे समजतो. ग्राफिक्स कार्डांचे प्रकरण मात्र मला अपुरे वाटले. त्या ड्रायव्हरांचा आवाका इतका मोठा झाला आहे की पुढील आवृत्तीत त्यांना स्वतंत्र भाग मिळावा.

हे पुस्तक वाचायला घेणाराने पाचव्या प्रकरणापासून, म्हणजे टिपण घेण्याच्या प्रकरणापासून आरंभ केला तरी चालेल. बिघडलेले यंत्र समोर येण्याची वाट पाहू नये. स्वतःच्या चांगल्या चालणाऱ्या संगणकाचे अर्ध्या मिनिटाचे टिपण घ्यावे, त्यात कोणत्या ड्रायव्हरला किती हाका आल्या आणि किती मायक्रोसेकंद लागले हे एका वहीत उतरून घ्यावे, वायफाय चालू असताना व बंद असताना, चार्जर लावून व काढून ते पुन्हा घ्यावे, आणि ती वही दुकानात हाताशी ठेवून मग पहिले आजारी यंत्र उघडावे.